अंगावरची जखम कागदावरही हवी

जेवणं उरकून, भांडी घासून आता कुठे टेकला असाल. आजचा विषय कागदपत्रांचा आहे. कागद म्हटलं की आपण सातबारा नाहीतर बँकेचं पासबुक समजतो. आज मी फौजेतल्या कागदाबद्दल बोलणार आहे. आपल्या सातारा भागात हा विषय परका नाही. अपशिंगे गावाला तर सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. बाकीच्या गावांतही दर चार घरांआड एक तरी पेन्शनर जवान दिसतो. त्यांच्या घरातल्या बायकांसाठी आजचं हे बोलणं.

सुरुवात माझ्याच घरापासून करते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, १९६८ साली फौजेत भरती झाले. तेव्हा त्यांचं वय एकोणीस होतं. डिसेंबर १९७१च्या लढाईत ते पश्चिम सीमेवर होते. तिथे तोफगोळा फुटून त्याचा एक तुकडा त्यांच्या मांडीत घुसला. आधी मोर्चाजवळच्या दवाखान्यात मलमपट्टी झाली, मग लष्करी इस्पितळात ऑपरेशन. मोठा तुकडा निघाला, बारीक कण आतच राहिले. थंडीच्या दिवसांत अजून त्या पायात कळ येते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रात्री उठून विटेचा शेक देतात. पन्नास वर्षं हे घरात चालू आहे, आणि आम्हा कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी २६ जानेवारीला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार झाला. शेजारच्या गावचे एक म्हातारे जवान आले होते. त्यांच्या कोटावर एक पदक होतं, पांढऱ्या फितीचं, मधोमध लाल पट्टा असलेलं. माझी आठवीतली मुलगी त्यांना विचारून आली की हे कशाचं. ते म्हणाले, "जखमेचं, बाळ." घरी आल्यावर तिने मामांना विचारलं, "आबा, तुम्हालाबी गोळा लागला होता ना? मग तुमच्याकडं ते का नाही?"

मामा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "पैसा नको मला. पण हा तुकडा अंगात घेऊन मी पन्नास वर्षं हिंडतोय, ते सरकारच्या दफ्तरात लिहिलंय का, एवढं बघा."

त्या दिवसापासून आमची कागदांची शोधाशोध सुरू झाली. त्यात जे शिकले ते तुम्हाला सांगते.

हे पदक कशाचं?

या पदकाचं नाव पराक्रम पदक. इंग्रजीतून वूंड मेडल म्हणतात, म्हणजे जखमेचं पदक. १९७३ साली ते सुरू झालं. शत्रूच्या थेट हल्ल्यात जो जखमी झाला त्याला ते मिळतं. लढाई दोन देशांची असो की दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई असो, दोन्हींत मिळतं.

इथे बऱ्याच जणींचा घोटाळा होतो. घरातल्या डबीत दोन-चार पदकं असतात, त्यामुळे वाटतं की सगळं मिळालेलं आहे. मामांकडेही १९७१चं संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार होतं. पण ही पदकं त्या लढाईत, त्या भागात नोकरी केलेल्यांना मिळतात. जखम झाली की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. वीरचक्र, शौर्यचक्र ही शौर्याची पदकं आणखी वेगळी. त्यांच्यासाठी कुणीतरी शिफारस करावी लागते, कामगिरी तपासली जाते. जखमेच्या पदकाला शिफारस लागत नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात. जखम शत्रूच्या हल्ल्यात झालेली हवी, आणि तशी नोंद हवी.

आता "शत्रूच्या थेट हल्ल्यात" या शब्दांकडे नीट बघा. गोळी लागली, तोफगोळ्याचा तुकडा लागला, तर प्रश्न नाही. पण सीमेवर जाताना बर्फात गाडी घसरून जवानाचा पाय मोडला, तर तो अपघात. छावणीत आजारी पडला, तर तो आजार. दुःख तेवढंच असतं, पण या पदकात ते बसत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी घरच्या माणसाला शांतपणे विचारावं, जखम नेमकी कशाने झाली, कुठे झाली, कोणत्या तारखेला झाली.

पदक वेगळं, पेन्शन वेगळी

गटातल्या एका ताईने मला विचारलं, या पदकाचे महिन्याला किती मिळतात? तर ताई, या पदकाबरोबर दरमहाचा भत्ता येत नाही. तो मान आहे. शौर्यपदकांना भत्ता असतो, याला नाही. कुणी एजंट घरी येऊन "पदक मिळवून देतो, मग मोठी रक्कम सुटेल" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पैशाचा संबंध येतो तो अपंगत्वाच्या पेन्शनशी. तिचे नियम पदकाच्या नियमांपेक्षा बरेच रुंद आहेत. फौजेत अपंगत्वाचं कारण बघून अ, ब, क, ड, ई अशा वर्गवाऱ्या केलेल्या आहेत. सगळ्यात शेवटची ई वर्गवारी युद्धातल्या आणि युद्धासारख्या कारवाईतल्या जखमेची. तिला युद्धजखम पेन्शन म्हणतात, आणि ती साध्या अपंगत्व पेन्शनपेक्षा जास्त असते. नोकरीमुळे झालेला आजार आणि नोकरीवर असताना झालेला अपघात यांच्या वर्गवाऱ्या वेगळ्या. म्हणजे ज्याला पदक मिळत नाही, त्यालाही पेन्शनमध्ये हक्क असू शकतो. वैद्यकीय मंडळ, म्हणजे मेडिकल बोर्ड, अपंगत्व किती टक्के ते ठरवतं. साधारणपणे २० टक्के किंवा जास्त असेल तर अपंगत्वाच्या पेन्शनचा विचार होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हे नियम बदलले, म्हणून चौकशी करताना आपला माणूस कोणत्या साली निवृत्त झाला ते आधी सांगायचं.

इथे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल लक्षात ठेवा. धरमवीर सिंग नावाच्या जवानाचं ते प्रकरण होतं. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी जवान धडधाकट असल्याची नोंद असेल आणि पुढे नोकरीत तो आजारी पडून बाहेर काढला गेला, तर तो आजार नोकरीमुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नसेल तर ते सरकारने सिद्ध करायचं, जवानाने नव्हे. कितीतरी घरांना या निकालाचा आधार मिळाला.

आणि एक नाजूक गोष्ट. सगळ्याच जखमा डोळ्यांना दिसत नाहीत. एखादा जवान घरी आल्यावर रात्री दचकून उठतो, फटाके वाजले की घामाघूम होतो, कुणाशी बोलत नाही. बायको बिचारी ते झाकते, लोक काय म्हणतील म्हणून. अमेरिकेतसुद्धा अशा मनाच्या जखमेला पदक द्यायचं नाही असं २००९ साली ठरलं. पण पदक नाही म्हणजे दुखणं नाही असं थोडंच आहे? माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचे दवाखाने आहेत, तिथे मनाच्या दुखण्यावरही उपचार मागता येतात. नोकरीत असलेल्या जवानाने तर ते आपल्या लष्करी डॉक्टरला सांगून लिहून घ्यावंच.

पहिलं उत्तर नकाराचं आलं

आम्ही मामांचा अर्ज लिहिला आणि त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. प्रत्येक रेजिमेंटचं, प्रत्येक शाखेचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. डिस्चार्ज बुकवर ते लिहिलेलं असतं. काही महिन्यांनी उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा की युद्धात जखमी झाल्याची नोंद उपलब्ध कागदांत आढळत नाही.

मामांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग धोतर जरा वर सारून मांडीवरचा वळ दाखवला आणि म्हणाले, "मग हे काय आहे?"

त्यांचा राग खरा होता, पण कार्यालयात बसलेल्या माणसाला मांडी दिसत नाही, कागद दिसतो. मामा जखमी झाले तेव्हा हे पदक सुरूच झालेलं नव्हतं. ते सुरू झालं तोवर मामांची बदली दुसरीकडे झाली होती. तिथे कुणी सांगितलं नाही आणि यांनी कुणाला विचारलं नाही. मधे पन्नास वर्षं गेली. एवढ्या काळात जुने कागद जीर्ण होतात, गहाळ होतात, काही नियमाप्रमाणे नष्टही केले जातात.

हे आपल्याच देशात होतं असं समजू नका. अमेरिकेत जखमी सैनिकाला पर्पल हार्ट नावाचं पदक देतात, म्हणजे जांभळं हृदय. १७८२ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जांभळ्या कापडाचं हृदयाच्या आकाराचं एक मानचिन्ह सुरू केलं होतं, त्यावरून १९३२ साली हे पदक निघालं. तिथे सेंट लुइस शहरात सैनिकांचे जुने कागद ठेवायची एक मोठी इमारत आहे. १२ जुलै १९७३ला तिला आग लागली. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांचे कागद त्यात गेले, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कुठेच नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात, कोरियाच्या युद्धात जखमी झालेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना पुढे पदक मागताना हाच अनुभव आला. जखम अंगावर होती, कागद जळून गेला होता. मग इस्पितळाचे जुने कागद, सोबतच्या सैनिकांच्या लेखी साक्षी, घरी पाठवलेली पत्रं, असं जे सापडेल ते जोडून त्यांना आपली जखम सिद्ध करावी लागली.

घरी पाठवलेली पत्रं! हे ऐकलं आणि मला आत्यांची पत्र्याची पेटी आठवली.

पेटीत काय निघालं?

आत्यांच्या पेटीला आम्ही सुना कधी हात लावत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतः उघडली. लग्नातला शालू, मुलांच्या जन्माचे दाखले, आणि तळाशी एका फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात डिसेंबर १९७१ची तार होती. मामा जखमी झाल्याची तार. त्या वेळी घरात कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. शाळेच्या गुरुजींनी ती वाचून दाखवली होती, आणि ती ऐकून आत्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. तार मात्र जपून ठेवली. "ते जिवंत आहेत असं त्यात लिवलं होतं, मग ती कशी टाकू?" असं त्या म्हणाल्या.

तारेबरोबर इस्पितळातून सुटीवर पाठवतानाची एक चिठ्ठीही निघाली. तिच्यावर तारीख होती, इस्पितळाचा शिक्का होता आणि जखमेचं कारण लिहिलेलं होतं.

मग आम्ही दुसरा अर्ज केला. या वेळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन, तिथल्या साहेबांकडून तपासून घेऊन. काय काय जोडलं ते सांगते, लिहून घ्या. डिस्चार्ज बुकची प्रत, पेन्शनच्या आदेशाची म्हणजे पीपीओची प्रत, तारेची आणि इस्पितळाच्या चिठ्ठीची प्रत, मामांच्या तुकडीतल्या हयात असलेल्या एका सोबत्याचं प्रतिज्ञापत्र, आणि आत्ताच्या एक्स-रेचा अहवाल. त्यात मांडीतले धातूचे कण स्पष्ट दिसतात. मूळ कागद एकही पाठवला नाही. सगळं नोंदणी टपालाने पाठवलं आणि पोचपावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवली.

त्याच वेळी माहिती अधिकारातून मामांच्या नोकरीच्या आणि वैद्यकीय कागदांच्या प्रती मागितल्या. २००५च्या कायद्याने हा हक्क आपल्याला आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, आणि साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे काम लवकर करावं, कारण आज जो कागद दफ्तरात आहे तो आणखी पाच वर्षांनी असेलच असं नाही.

खरा धक्का पुढेच होता

या सगळ्या प्रती हातात आल्यावर मी एक एक ओळ वाचत बसले. आणि एका ओळीवर थांबले. मामांच्या नोंदीत बायकोचं नाव जे लिहिलं होतं ते आत्यांचं माहेरचं नाव होतं. लग्नात सासरी त्यांचं नाव बदललं, आपल्याकडे रीतच आहे. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, पासबुकावर सगळीकडे सासरचं नाव. फौजेच्या दफ्तरात मात्र पन्नास वर्षं दुसरीच बाई मामांची बायको म्हणून बसली होती!

मैत्रिणींनो, याचा अर्थ कळला का? उद्या मामांच्या माघारी आत्यांना कुटुंब पेन्शन लागायची वेळ आली असती, तर पहिला प्रश्न हाच निघाला असता, की ही बाई कोण? पंचाहत्तरीतल्या बाईने तेव्हा दु:ख करायचं की कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या?

मामा हयात असल्याने दुरुस्ती सोपी गेली. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आधार, सरपंचांचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, आणि मामांच्या सहीचा अर्ज. चार-पाच महिन्यांनी सुधारित पीपीओ आला. त्या दिवशी आत्यांनी तो कागद फडक्यात बांधून तारेच्या शेजारी ठेवला.

पदकाचं काय झालं, तेही सांगते. दुसऱ्या अर्जाला नकार आलेला नाही, पण मंजुरीही आलेली नाही. पडताळणी चालू आहे असं पत्र आलंय. मामांचं वय आता शहात्तर. टपालवाल्याची सायकल वाजली की ते ओसरीवरून मान वर करून बघतात. मी त्यांना आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगते. १९६५च्या लढाईत त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. तरी १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी तेव्हा मान्य झाली नाही. २०१८ला पद्मश्री मिळाली, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर. मामा हसतात आणि म्हणतात, "म्हणजे मला अजून चार वर्षं जगावं लागंल."

तुमच्यासाठी काम

आता तुमच्या गटासाठी काम सांगते. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी माजी सैनिक आहे किंवा कुणी नोकरीत आहे, त्या बायांनी चार गोष्टी बघून यायच्या.

पहिली, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घरात कुठे आहेत ते स्वतः डोळ्यांनी बघा. "यांना माहीत आहे" हे उत्तर चालणार नाही. दुसरी, त्यात तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का ते एकेक अक्षर ताडून बघा. फरक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्ती करून घ्या. पेन्शन स्पर्श या संगणक प्रणालीवर असेल तर तिथलं नावही तपासा. तिसरी, घरच्या माणसाला नोकरीत जखम झाली असेल तर ती कधी, कुठे, कशाने झाली हे त्याच्या तोंडून ऐकून वहीत लिहून ठेवा, आणि सोबत कोण होतं त्यांची नावंही लिहा. चौथी, मुलगा किंवा नवरा आज नोकरीत असेल, तर सुटीवर आल्यावर विचारा, "जखमेचा रिपोर्ट झाला का? त्याची प्रत कुठे आहे?" बरं झालं, कामावर रुजू झालो, आता कशाला, असं तो म्हणेल. जवान असंच म्हणतात. मामाही १९७१ साली असंच म्हणाले होते.

अडलं तर तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. एकटीला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. पेन्शनचा हक्क अन्यायाने नाकारला गेलाच, तर सैन्यदल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे.

आत्यांना अक्षरओळख नाही. तरी घरातला सगळ्यात मोलाचा कागद त्यांनीच पन्नास वर्षं सांभाळला. आपण तर चार बुकं शिकलोय. आज झोपण्याआधी पेटी उघडा, बायांनो, आणि आत काय आहे ते वाचून काढा.

रामराम.